पनवेलचा मार्ग आणि मार्गशुल्काचा विनियोग

(१)

गेल्या आषाढांत पनवेलच्या जुन्या पेठेंतील एका परिचित घराण्याकडून आम्हांस निरोप आला कीं, माळ्यावर मोडी कागदांचा एक रुमाल सांपडला आहे, तो येऊन पहावा. कागद एका किराणा पेढीच्या रोजकीर्दीचे होते. त्यांच्या नकला करवून घ्याव्या म्हणून यजमानांची परवानगी घेऊन तो रुमाल आम्हीं बरोबर घेतला. पाऊस लागलाच होता. रिक्षा घरापर्यंत येईना. कारण गल्लीच्या दोहों अंगांस मोटारी व दुचाक्या अशा उभ्या होत्या कीं मधून हातगाडीहि जाणें कठीण. दोनशें पावलें आम्हांस पाण्यांतून चालावें लागलें. वरून प्लास्टिकचें वेष्टण होतें, तरी ओल आंत गेली आणि वरचे दोन बंद भिजले. काजळीची शाई पाण्यापुढें टिकत नाहीं, हें संग्राहकांस सांगावयास नको. जीं अक्षरें माळ्यावर इतके पावसाळे टिकलीं, तीं त्या दोनशें पावलांत गेलीं.

यांत दोष कोणा एकाचा नव्हता. ज्यांच्या मोटारी तेथें उभ्या होत्या त्यांस दुसरी जागा नव्हती, आणि असलीच तर ती शोधण्याचें कारण नव्हतें. रस्त्यावर उभें राहण्यास कांहीं पडत नाहीं. रस्ता सर्वांचा, पण त्याचा एक तुकडा दिवसभर अडविणारानें त्याचें मोल द्यावें कीं नाहीं, आणि तें घेतलें तर खर्च कोठें करावें, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत घोळत राहिला.

हा प्रश्न आजच्या नगरशास्त्राचा आहे. भारत सरकारच्या इ. स. २००६ च्या राष्ट्रीय नगर-वाहतूक धोरणांत असें सुचविलें आहे कीं, वाहनें उभीं करण्याचें शुल्क त्या जागेच्या खऱ्या मोलास धरून असावें, व त्या योगानें लोकांनीं सार्वजनिक वाहनांकडे वळावें. या शुल्काचें उत्पन्न बस, आगगाडी, पायवाटा व सायकलींचे मार्ग यांकडे लावावें, असें या विषयाचे अभ्यासक सांगतात. ऐकणाऱ्यास वाटतें कीं ही कल्पना अगदीं नवी, परदेशांतून आलेली आहे. आमचें म्हणणें असें आहे कीं, मार्गावर घेतलेलें द्रव्य मार्गासच परत गेलें पाहिजे हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. तो पाळला गेला तेव्हां मार्ग झाले, आणि तो सुटला तेव्हां लोकांनीं त्या करास जुलूम म्हटलें. हें दाखविण्यास पनवेलाहून अधिक योग्य ठिकाण कोंकणांत दुसरें नाहीं. मुंबईहून देशावर जावयाचें तर समुद्रमार्गें पनवेलच्या खाडींत उतरावें व बोरघाट चढावा, ही वाट एके काळीं मुख्य होती. आणि आजहि देशावर जाणारा द्रुतगति मार्ग पनवेलाजवळूनच निघतो.

(२)

प्रथम शब्दांकडे पाहूं. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी शामशास्त्री यांच्या हातीं लागून इ. स. १९०९ मध्यें तिचें मुद्रण झालें, तेव्हांपासून आपल्या प्राचीन करपद्धतीचें बरेंच अंतरंग उघड झालें आहे. त्यांत मालावरील जकातीस ‘शुल्क’ व मार्गावरील करास ‘वर्तनी’ अशीं दोन भिन्न नांवें आहेत, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. शुल्क हें व्यापारावरचें. वर्तनी ही वाटेवरची. ही वर्तनी सरहद्दीवरील अंतपालानें घ्यावी असें सांगून दर दिले आहेत ते असे : मालाच्या गाडीस सवा पण, एकखुरी जनावरास एक पण, गुरास अर्धा पण, लहान पशूस पाव पण, आणि खांद्यावरच्या ओझ्यास एक माष. म्हणजे जो मार्गावर जितका भार टाकील तितकें त्यानें द्यावें.

परंतु आमच्या मतें दरांपेक्षां महत्त्वाचें वाक्य त्यापुढें आहे. वाटेंत जें हरवेल किंवा चोरीस जाईल त्याची भरपाई त्याच अंतपालानें करावी, असा तेथें नियम आहे. वर्तनी घेणें आणि वाट सुरक्षित ठेवणें हीं दोन कामें एकाच अधिकाऱ्याच्या गळ्यांत बांधलीं आहेत. घेतलें तर देणें लागलें. न दिलें तर पदरचें भरावें.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत नावेच्या उताराविषयीं हीच घडण आहे. रिकाम्या गाडीस एक पण, ओझेंवाल्या पुरुषास अर्धा, पशु व स्त्री यांस पाव, आणि रिकाम्या माणसास त्याच्याहि निम्मा, असा उतार सांगितला आहे. गर्भिणी स्त्री, संन्यासी इत्यादिकांस तो माफ आहे. आणि लागलीच पुढें असें म्हटलें आहे कीं, नावाड्यांच्या चुकीनें नावेंतील जें कांहीं नष्ट होईल तें सर्व नावाड्यांनीं आपापल्या वांट्यानें भरून द्यावें. दैवी आपत्तीस मात्र ते जबाबदार नाहींत. भारानुसार दर, दुर्बलास माफी, आणि घेणाऱ्यावर उत्तरदायित्व अशीं तीन अंगें येथें स्पष्ट दिसतात. पुढील सर्व विवेचनांत हीच आमची फूटपट्टी राहील.

(३)

याच्या शेजारीं दुसरी एक परंपरा होती, ती दानाची. नाशिकच्या दहाव्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर त्यानें धर्मार्थ नावा ठेवल्याचें आणि दोन्ही तीरांवर सभा व पाणपोया बांधल्याचें कोरलेलें आहे. यांतील दाहनुका व दमण हीं नांवें उत्तर कोंकणच्या वाचकास ओळखीचीं वाटतील. येथें उतारूकडून कांहीं घेतलें नाहीं. खर्च दात्यानें केला व पुण्य त्यास मिळालें.

उत्तर कोंकणच्या शिलाहारांच्या काळीं शक १०१६ (इ. स. १०९४-९५) मधील अनंतदेवाचा खारेपाटणचा ताम्रपट आहे. त्यांत भाभण श्रेष्ठी व त्याचा भाऊ धणाम श्रेष्ठी यांच्या यानपात्रांस श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमूल्य इत्यादि बंदरांत शुल्क माफ केलें आहे. हीहि देणगीच, पण उषवदाताच्या देणगीहून ती फार वेगळी. पहिलीचा लाभ वाटेनें येणाऱ्या कोणासहि होता, दुसरीचा राजाच्या मर्जींतील दोन धनिक भावांस. माफी ही दुर्बलास दिली तर धर्म होतो आणि बलवानास दिली तर तोच भार इतरांवर पडतो, हें ध्यानांत आणण्यापुरता या ताम्रपटाचा उल्लेख केला.

नाणेघाटांतील दगडी रांजणाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण या विषयावर लेखणी उचलणारा प्रत्येकजण त्याच्याकडे वळतो. त्यांत जकातीचें नाणें टाकीत अशी लोकांत कथा आहे. परंतु त्याच घाटांतील नागनिकेच्या लेखांत यज्ञांची व दक्षिणांची नोंद आहे, जकातीची नाहीं. सबब रांजण पाहून आनंद मानावा, पण त्यावर प्रमाणाचा भार टाकूं नये.

(४)

मराठी अमलांत जकातीचा कारभार मुलकी कारभाराहून निराळा असे व त्यावर निराळे कमाविसदार नेमीत. माल भरण्याच्या ठिकाणीं थळभरीत, विकण्याच्या ठिकाणीं थळमोड, आणि मधल्या वाटेंत नाक्यानाक्यास हशील, अशी ही सांखळी होती. ती इतकी गुंतागुंतीची झाली कीं, वाटेवरील सर्व जकाती आपण भरून माल पोंचता करण्याचा ठोक आंकडा ठरविणारे हुंडेकरी, असा एक धंदाच निर्माण झाला. ज्या करासाठीं मध्यस्थ नेमावा लागतो तो कर देणाऱ्यास कळेनासा झालेला असतो, हें वेगळें सांगावयास नको.

हें जकातीचें उत्पन्न सरकारच्या सामान्य जमेंत जाई, व त्यांतून लष्कर, किल्ले, देवस्थानें, सावकार असे नाना खर्च निघत. वाट मात्र दानाच्या आधारावर राही. बोरघाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस नाना फडणिसानें बांधविलेला मोठा तलाव व महादेवाचें देऊळ आजहि उभें आहे. घाट चढण्यापूर्वीं बैलांस व माणसांस पाणी मिळावें, हा त्यांतला उपयोग उघड आहे. तें काम नानाच्या नांवानें ओळखलें जातें, एखाद्या नाक्याच्या नांवानें नव्हे. जकात एका हातानें घेतली जाई आणि पाणी दुसऱ्या हातानें पाजलें जाई. दोन्ही हातांची गांठ पडत नसे. अर्थशास्त्रानें ज्या दोन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या त्या येथें सुटल्या होत्या.

(५)

आतां बोरघाटाकडे वळूं. जनरल वेलस्ली यानें इ. स. १८०४ च्या सुमारास या घाटांत लष्करी उपयोगाचा रस्ता केला. पेशवाईनंतर इ. स. १८२५ मध्यें बिशप हेबर पनवेलावरून पुण्यास गेला. त्यानें लिहून ठेविलें आहे त्याचें तात्पर्य असें कीं, वाट रुंद व चांगली आहे पण चढ इतका उभा कीं भरलेली गाडी किंवा पालखी वर नेणें दुर्घट. लोक पायीं किंवा घोड्यावरून जातात आणि माल सगळा बैल-तट्टांच्या पाठीवरून जातो.

पुढें इ. स. १८२७ ते १८३० या काळांत मुंबईचा गव्हर्नर असलेल्या सर जॉन माल्कम यानें घाटांत गाडीरस्ता करविला, आणि १० नोव्हेंबर १८३० रोजीं तो पुरा होण्यापूर्वींच कांहीं मंडळींसह घोडागाड्या हांकीत स्वतः घाट उतरून तो खुला केला. कोंकण व दख्खन यांमधील भिंत या कामानें पाडली, असा त्याचा अभिमान होता. आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्याच्या लिखाणांतील याहून महत्त्वाचा भाग तो पैशासंबंधींचा. या रस्त्यावरील टोलाचा जो मक्ता दिला आहे त्यावरून रस्त्यास लागलेली रक्कम पांच-सहा वर्षांत परत येईल याविषयीं शंका नाहीं, असें त्यानें नमूद केलें आहे.

या एका वाक्यांत जुन्या जकातीहून निराळी गोष्ट आहे. येथें कर अमुक कामासाठीं, त्या कामाची किंमत अमुक, ती अमुक वर्षांत फिटेल, असा हिशेब आधींच मांडलेला आहे. गाडीवान नाक्यावर जें देई त्याच्या बदल्यांत त्यास गाडीचा रस्ता मिळालेला होता. पूर्वीं तो बैलाच्या पाठीवर गोणी लादून नेई, आतां चाकावर नेऊं लागला. परकी सरकारची स्तुति करण्याचा आमचा हेतु नाहीं. माल्कमच्या डोळ्यांपुढें व्यापाराइतकीच पलटणींची सोय होती, हें त्यानें स्वतःच सांगितलें आहे. आणि मक्त्याची पद्धत म्हटली म्हणजे मक्तेदाराची ओढ उत्पन्नाकडे, वाटसरूकडे नव्हे, हा दोष तिच्यांत जन्मतःच आहे. तथापि शुल्क आणि मार्ग यांची सुटलेली गांठ येथें पुनः बांधली गेली, एवढें कबूल केलें पाहिजे. पुढें इ. स. १८५१ च्या हिंदुस्थानच्या टोल-कायद्यानें व मुंबई इलाख्यांत इ. स. १८७५ च्या रस्ते व पूल यांवरील टोलाच्या कायद्यानें हा प्रकार कायम झाला.

या मार्गानें पनवेलास काय दिलें ? इ. स. १८५२ मध्यें येथें नगरपालिका झाली. महाराष्ट्रांतील अगदीं पहिल्या नगरपालिकांत तिची गणना होते. जुन्या गॅझेटियरांत पनवेलच्या धंद्यांत गाडीचीं चाकें करण्याच्या धंद्यास पहिलें स्थान आहे. देशावरून माल घेऊन उतरणाऱ्या गाडीवानांपैकीं ज्यास परवडे तो परत जातांना पनवेलची चाकजोडी घेऊन जाई, असें तेथें म्हटलें आहे. ज्या गांवानें मार्ग सांभाळला त्यास मार्गानें पोसलें, याहून चांगला दाखला कोणता द्यावा ?

परंतु १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली, इ. स. १८५८ मध्यें खंडाळा-पुणें रुळ पडले, आणि इ. स. १८६३ मध्यें बोरघाटाचा चढ आगगाडीनें जिंकला. ही वाट कल्याण-कर्जतवरून गेली. पनवेल बाजूस राहिलें. मुंबई-पुण्याची रहदारी रुळांवर गेली. पनवेलास आगगाडी पोंचली ती दिव्याहून, इ. स. १९६४ मध्यें; म्हणजे मधलीं शंभर वर्षें हें गांव रस्त्याच्याच आधारानें जगलें. मुंबईची उपनगरी गाडी तर इ. स. १९९८ मध्यें आली. ज्या वाहनाची सोय होते त्याकडे लोक वळतात, हा यांतील धडा आहे. उपदेशानें कोणी वळत नाहीं.

(६)

मोटारी आल्यावर प्रश्नानें नवें रूप घेतलें. इ. स. १९२७ मध्यें हिंदुस्थान सरकारनें रस्त्यांच्या सुधारणेसाठीं बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिच्या इ. स. १९२८ च्या अहवालांत मोटारींच्या पेट्रोलवर गॅलनमागें दोन आणे जादा कर घ्यावा व तें उत्पन्न निराळ्या निधींत ठेवून रस्त्यांसच लावावें, अशी शिफारस होती. आणि १ मार्च १९२९ पासून असा मध्यवर्ती रस्ते-निधि अस्तित्वांत आला. जयकरांचें नांव आपण कायदेपंडित म्हणून व पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु म्हणून घेतों. पण मार्गावरचा पैसा मार्गाच्या खात्यांत बंदिस्त ठेवण्याची ही त्यांची कामगिरी त्याहून कमी मोलाची नाहीं. वर्तनीचें तत्त्व, नाका उठवून, तेलाच्या डब्यावर बसविलें असें म्हणावयास हरकत नाहीं. इ. स. २००० मध्यें त्या निधीस स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला; इ. स. २०१८ मध्यें त्याची व्याप्ति व नांव दोन्ही वाढून त्यांत रस्त्यांबाहेरील पायाभूत कामांचाहि समावेश झाला.

आणि नाकाहि परत आलाच. कळंबोलीपासून निघणारा मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग इ. स. २००२ मध्यें पुरा झाला. इ. स. २००४ मध्यें महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळानें त्या मार्गाच्या व जुन्या हमरस्त्याच्या टोलाचा पंधरा वर्षांचा मक्ता ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन दिला. माल्कमच्या मक्त्यानंतर पावणेदोनशें वर्षांनीं, त्याच घाटांत, तीच पद्धत ! यापुढें काय झालें तें वाचकांच्या डोळ्यांसमोर आहे. टोलाविरुद्ध महाराष्ट्रांत आंदोलनें झालीं. इ. स. २०१५ मध्यें राज्यांतील १२ नाके बंद झाले व ५३ नाक्यांवर हलक्या मोटारींस व एस. टी. गाड्यांस सूट मिळाली. आणि १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पांचहि प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींचा टोल माफ झाला.

सूट दिली म्हणजे खर्च नाहींसा होत नाहीं. तो दुसऱ्या खात्यावर जातो, आणि तें खातें ज्याच्याजवळ मोटार नाहीं त्याचेंहि असतें. मग लोकांस राग कशाचा होता ? आमच्या समजुतीनें देण्याचा नव्हे. रस्त्याची किंमत किती, फिटली किती, राहिली किती, हें नाक्यावर देणाऱ्यास दिसत नव्हतें याचा राग होता. माल्कमनें पांच-सहा वर्षें म्हटलें. आतां वर्षें कोण मोजतो हेंच कळेना. हुंडेकऱ्यांच्या काळची स्थिति पुनः आली. पैसा घेणारा हात व वाट सांभाळणारा हात यांची गांठ डोळ्यांस दिसेनाशी झाली, आणि न दिसणारी गांठ लोक सुटलेलीच समजतात.

(७)

हा इतिहास मनांत ठेवून उभ्या वाहनाकडे येऊं. आजवर आपण चालत्या गाडीवरील कर पाहिला. उभ्या गाडीचें शुल्क हें त्याचेंच भावंड आहे. अमेरिकेंत ओक्लाहोमा शहरीं जुलै १९३५ मध्यें पहिलें नाणें-यंत्र रस्त्याच्या कडेस बसलें, तें केवळ दुकानांपुढील जागा मोकळी होत रहावी म्हणून. उत्पन्नाचा विनियोग हा विचार त्यामानानें नंतरचा. कॅलिफोर्नियांतील पॅसाडिना शहराच्या जुन्या पेठेंत इ. स. १९९३ पासून अशीं यंत्रें बसलीं, तेव्हां दुकानदारांचा प्रथम विरोध होता. पण हा पैसा याच पेठेच्या पायवाटा, झाडें, दिवे यांवर खर्च होईल असें ठरल्यावर तो मावळला. इंग्लंडांत नॉटिंगहॅम शहरानें एप्रिल २०१२ पासून, ज्या मालकांकडे नोकरांच्या मोटारींसाठीं अकरा किंवा अधिक जागा असतील त्यांच्यावर दर जागेमागें वार्षिक कर बसविला व तें उत्पन्न ट्रामच्या विस्तारास लावलें, इ. स. २०१५ मध्यें ट्रामचे नवे फांटे सुरूहि झाले. लंडनमध्यें इ. स. २००३ पासून शहराच्या मध्यभागीं येणाऱ्या मोटारींकडून जें शुल्क घेतात त्याचें निव्वळ उत्पन्न वाहतुकीसच लावावें असें कायद्यानेंच बांधून दिलें होतें. पुण्यास मार्च २०१८ मध्यें महानगरपालिकेच्या सभेनें वाहनतळाचें धोरण संमत केलें, पण विरोधामुळें तें थोड्या रस्त्यांपुरतें आखडून घ्यावें लागलें.

येथें पूर्वपक्ष असा येतो : ‘रस्ता सार्वजनिक आहे व वाहनाचा कर आम्हीं आधींच भरला आहे, मग उभें राहण्याचा निराळा पैसा कां?’ उत्तर असें : नदीहि सार्वजनिक आहे, म्हणून कोणी आपली नाव उताराच्या घाटास आडवी बांधून घरीं निघून जात नाहीं. वाहनाचा कर हा चालण्याचा; अडविण्याचा नव्हे. एका मोटारीस उभें राहण्यास अडीच मीटर रुंद व पांच मीटर लांब, म्हणजे सुमारें साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. आपल्या गांवांत तेवढ्या जागेंत संसार थाटलेला असतो. भाजीची टोपली घेऊन बसणाऱ्या बाईकडून बाजाराची फी घेण्याची रीत आपल्या नगरपालिकांत जुनी आहे. तिच्या टोपलीच्या दसपट जागा अडविणारी मोटार फुकट उभी राहते, ही शिलाहारांच्या श्रेष्ठींस मिळालेल्या माफीचीच आवृत्ति म्हणावी लागते. भारानुसार दर हें पहिलें अंग येथें उलटें झालें आहे.

दुसरा पूर्वपक्ष असा : ‘घेतलेला पैसा सामान्य तिजोरींत बुडेल.’ हा मात्र बळकट आहे, आणि वर सांगितलेला सारा इतिहास त्याच्याच बाजूनें साक्ष देतो. म्हणून याचें उत्तर शब्दांनीं देतां येत नाहीं. तें खात्याच्या रचनेनेंच दिलें पाहिजे.

पनवेलास १ ऑक्टोबर २०१६ रोजीं महानगरपालिका झाली. तिच्या हद्दींतील खारघर-तळोजें भागांतून नवी मुंबईची मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून धांवूं लागली. तालुक्यांतील नव्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें. म्हणजे या गांवाकडे येणाऱ्या वाटा वाढतच आहेत. परंतु जुन्या पेठेच्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या आहेत आणि त्या रुंद होणार नाहींत. स्टेशनावर उतरलेल्या माणसास पेठेपर्यंत नेणारी लहान बस वेळेवर मिळाली, पायवाट सलग असली, तर पुष्कळांस मोटार काढावीच लागणार नाहीं. ती बस चालविण्यास पैसा लागतो. आणि तो पेठेंत उभ्या राहणाऱ्या मोटारीनें द्यावा यांत अन्याय नाहीं, कारण बस चालली तर मोकळी जागा त्याच मोटारीस मिळते.

(८)

शेवटीं जुन्या फूटपट्टीनें मापून आम्हांस जे नियम निष्पन्न झालेसे वाटतात ते असे. दर जागेच्या व वेळेच्या भारानुसार असावा. मोठ्या गाडीस अधिक, दुचाकीस कमी, सायकलीस कांहीं नाहीं. माफी अपंग, रुग्ण अशा दुर्बलांस असावी, मातबरांस नसावी. उत्पन्नाचें खातें निराळें असावें व त्याची जमा आणि खर्च ज्या गल्लींत पैसा घेतला तेथेंच फलकावर मराठींत लिहिलेला असावा. जुन्या दात्यांनीं दान दगडावर कोरलें, तर घेणाऱ्यानें निदान पत्र्यावर तरी लिहावें. आणि सर्वांत मुख्य म्हणजे घेणाऱ्यावर देण्याची जबाबदारी असावी : ठरलेली बस ठरलेल्या वेळीं आली नाहीं, पायवाट झाली नाहीं, तर शुल्क घेण्याचा अधिकार तितका कमी व्हावा. अंतपालास जो न्याय होता तो आजच्या अधिकाऱ्यासहि असावा.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या संग्रहीं जकातीचे ताळेबंद, नाक्यांचे हिशेब, मक्त्यांचे करार असतील. आपण संशोधक आजवर त्यांतील जमेची बाजू आवडीनें वाचीत आलों. तीवरून व्यापार कळतो, भाव कळतात, नांवें कळतात. आमची विनंति अशी कीं, पनवेल, खोपोली, खंडाळा या वाटेवरचा असा एखादा कागद हातीं आल्यास त्याच्या खर्चाच्या बाजूचीहि नक्कल करून मंडळाकडे पाठवावी. घाटाच्या दुरुस्तीस किती, पाण्यास किती, पहाऱ्यास किती, असे आंकडे एकत्र झाले म्हणजे कोणत्या राजवटींत वाटेचा पैसा वाटेस गेला याचा निवाडा अनुमानानें करावा लागणार नाहीं, आणि आज जे नगराचा कारभार पाहतात त्यांस एक पक्का दाखला मिळेल.

त्या भिजलेल्या दोन बंदांतील अक्षरें आतां परत यावयाचीं नाहींत. उरलेले कागद आम्हीं सावलींत वाळवून, प्रत्येक पानाचें छायाचित्र घेऊन, यजमानांस परत केले. परत करावयास गेलों तो दिवस उघडीपीचा होता. तरीहि रिक्षा गल्लीच्या तोंडाशींच थांबली.